वेबपानाच्या झाडातले नोड

ब्राउझर वेबपानाचा मजकूर वाचतो आणि मेमरीत त्याचे एक झाड उभे करतो. या झाडाला डॉम म्हणतात. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने त्याचे पहिले प्रमाण १ ऑक्टोबर १९९८ रोजी प्रसिद्ध केले. झाडातला प्रत्येक घटक म्हणजे नोड, आणि तो कुठल्या जातीचा हे त्याच्या नोडटाइप या आकड्यावरून कळते. एलिमेंटचा आकडा १, मजकुराचा ३, कॉमेंटचा ८, संपूर्ण डॉक्युमेंटचा ९, तर पानाच्या सुरुवातीच्या डॉकटाइपचा १०. ५, ६ आणि १२ हे आकडे कालबाह्य झाले, तरी यादीत त्यांची जागा राखलेली आहे.

नवशिक्यांची फसगत होते ती मजकुराच्या नोडपाशी. समजा, यूएल या टॅगमध्ये तीन एलआय लिहिले, प्रत्येक नव्या ओळीवर, आणि बंद होणारा टॅगही वेगळ्या ओळीवर. चाइल्डनोड्स मोजले तर उत्तर तीन येत नाही, सात येते. पहिल्या एलआयच्या आधी, दोहोंच्या मधे दोनदा आणि शेवटच्याच्या नंतर जी ओळ मोडली, तिचेही मजकुराचे नोड झाले. पडद्यावर त्यांचा मागमूस नसतो. म्हणून फर्स्टचाइल्ड मागितले की हाती रिकामी जागा येते. चिल्ड्रेन किंवा फर्स्टएलिमेंटचाइल्ड वापरले की फक्त एलिमेंटच मिळतात. रोजच्या कामाला हेच बरे.

आकड्याच्या जोडीला नोडनेम आणि नोडव्हॅल्यू तपासता येतात. एचटीएमएल पानात एलिमेंटचे नोडनेम मोठ्या लिपीतल्या टॅगचे नाव असते आणि नोडव्हॅल्यू नल असते. मजकूर आणि कॉमेंट यांचे उलटे: नाव ठरावीक, हॅश चिन्हाने सुरू होणारे, आणि खरा ऐवज नोडव्हॅल्यूमध्ये.

ॲट्रिब्यूटचे प्रकरण जरा विचित्र आहे. त्याचा आकडा २, पण तो एलिमेंटचा चाइल्ड मानला जात नाही. चाइल्डनोड्समध्ये क्लास किंवा आयडी शोधणे व्यर्थ. ते ॲट्रिब्यूट्स या वेगळ्या यादीत असतात.

इन्स्टन्सऑफनेही जात तपासता येते, मात्र आयफ्रेममधून आलेल्या नोडवर ती तपासणी चुकते. प्रत्येक फ्रेमचे कन्स्ट्रक्टर स्वतंत्र असतात. नोडटाइपच्या आकड्याला ही अडचण येत नाही.

उरला ११ आकड्याचा डॉक्युमेंटफ्रॅगमेंट. अनेक नोड त्यात जमवून एकदम पानात घालता येतात. घातल्यावर आतले नोड झाडात जातात आणि फ्रॅगमेंट रिकामा होतो. तो स्वतः झाडात कधीच शिरत नाही.