वेग आवरण्याची विद्या



रुग्णालयाचा जमाखर्च सांभाळताना एक नोंद आम्हांस नेहमी अस्वस्थ करते : सायकलवरून पडलेले मूल. उमरग्यातून सोलापूर-हैदराबाद राष्ट्रीय महामार्ग जातो. आसपासच्या गावांतील मुले-मुली त्याच रस्त्याने वा तो ओलांडून शाळेस येतात. शासनाच्या मानव विकास कार्यक्रमातून मराठवाड्यातील अनेक मुलींना सायकली मिळाल्या, त्यांची शाळा जवळ आली, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु सायकल चालविण्यास शिकविणारे घरोघरी असतात. थांबविण्यास शिकविणारा विरळाच.

आमच्या अपघात विभागात आलेल्या एका विद्यार्थिनीच्या सायकलचे ब्रेक शाबूत होते. घाबरून तिने केवळ पुढचा ब्रेक एकदम आवळला आणि ती हँडलवरून पुढे फेकली गेली. ऐन परीक्षेच्या दिवसांत उजवे मनगट मोडले. दोष तिचा नव्हता. तिला कोणी सांगितलेच नव्हते.

म्हणून येथे सांगतो. थांबताना शरीराचा भार पुढे सरकतो. त्यामुळे पुढचा ब्रेक अधिक प्रभावी ठरतो आणि तोच एकाएकी आवळल्यास घातक होतो. केवळ मागचा जोरात दाबल्यास चाक घसरते. दोन्ही ब्रेक एकत्र, हळूहळू दाब वाढवीत लावावेत. अंग किंचित मागे घ्यावे. वळणापूर्वीच वेग कमी करावा. ताशी 15 किलोमीटर वेगाने सायकल एका सेकंदात सुमारे 4 मीटर पुढे जाते. वेग दुप्पट झाला की ब्रेक लावल्यानंतर थांबण्याचे अंतर चौपट होते. पावसात ओल्या रिमवर रबर नीट धरत नाही. हा सराव प्रथम मोकळ्या मैदानावर आणि पाय जमिनीस टेकतील अशाच सायकलवर करवून घ्यावा.

आणखी एक विनंती. हँडलचे टोक पोटात लागले असल्यास, बाहेर केवळ वळ दिसला तरी आत यकृत, प्लीहा वा स्वादुपिंडास इजा असू शकते. पोटदुखी, उलटी वा फिकटपणा काही तासांनीही दिसू लागतो. घरी शेक देत न बसता मुलास तत्काळ रुग्णालयात आणावे.

ब्रेकच्या रबराची किंमत शस्त्रक्रियेच्या देयकापुढे नगण्य आहे. आपल्या देणग्यांवर येथील खाटा चालतात. परंतु त्यांतील एखादी खाट या कारणाने रिकामी राहिली, तर ती आम्ही तोट्यात धरणार नाही.