स्लोवर थरथरणारं रोटरी इंजिन



सिग्नलला गाडी थांबते, ॲक्सिलरेटरवरचा पाय निघतो आणि तरी इंजिन आपलं आपण हळू फिरत राहतं. पुस्तकात याला आयडलिंग म्हणतात, आपल्या गराजात 'स्लो'. आज ज्या इंजिनाच्या स्लोबद्दल मी बोलणार आहे, ते आपल्याकडच्या रस्त्यांवर क्वचितच ऐकू येतं. मी मात्र ऑकलंडच्या एका गराजात बरीच वर्षं त्याच्यावरच हात काळे केले. तिकडे जपानहून आलेल्या जुन्या गाड्या सहज मिळतात. आपले काही तरुणही हौसेने माझदा आरएक्स-7 घेतात, टर्बो बदलतात, कॉम्प्युटर बदलतात, आणि महिन्याभरात तक्रार घेऊन येतात: "काका, गाडी स्लोवर उभीच राहत नाही."

आरएक्स-7च्या या रोटरी इंजिनात पिस्टन नसतो. फुगीर बाजूंचा तिकोनी रोटर, कमरेत किंचित दाबलेल्या अंडाकृती घरात फिरतो. फेलिक्स वांकेल या जर्मन संशोधकाची ही कल्पना. हिरोशिमाच्या माझदाने ती 1967 साली कॉस्मो स्पोर्टमधून विक्रीला आणली आणि पुढे जिद्दीने सांभाळली. 1991 ते 2002 या काळातल्या आरएक्स-7मध्ये 654 सीसीचे दोन रोटर आणि दोन टर्बो होते.

यात वॉल्वही नाहीत. घराच्या भिंतींना भोकं असतात, त्यांना पोर्ट म्हणतात. रोटरच फिरताना ती उघडतो आणि झाकतो. क्षणभर हवा आत येण्याचा आणि धूर बाहेर जाण्याचा, दोन्ही पोर्ट एकाच वेळी उघडे राहतात. इंजिन जोरात फिरत असेल तर त्याने काही बिघडत नाही. स्लोवर मात्र जळलेला धूर मागे फिरतो आणि ताज्या मिश्रणात मिसळतो. असं मिश्रण धड पेटत नाही. म्हणजे स्लो ही या इंजिनाची जन्मजात नाजूक बाजू. त्यात मालकाने पोर्ट घासून मोठे केले की हा क्षण लांबतो. फार मोठे पोर्ट कापलेलं, म्हणजे ब्रिज पोर्ट केलेलं, इंजिन तर डफावर थाप पडावी तसं ठोके देत चालतं. तो आजार नाही. कंपनीचं इंजिन मिनिटाला साधारण 700 ते 750 फेऱ्यांवर शांत चालतं, ब्रिज पोर्टवाल्याला हजाराच्या वरच ठेवावं लागतं. त्याच्याकडून 750ची अपेक्षा करू नका.

आजार कोणता, ते कानाने ओळखता येतं. काटा 1,000 वरून 2,000 वर जातो, पडतो, पुन्हा चढतो, झोपाळ्यासारखा. याचं कारण समजून घ्या. कुठून तरी जास्तीची हवा आत शिरते आणि फेऱ्या वाढतात. थ्रॉटलचा सेन्सर मात्र कॉम्प्युटरला कळवतो की पाय उचललेला आहे. कॉम्प्युटरला वाटतं, गाडी उतारावरून घरंगळते आहे. तो पेट्रोल तोडतो. फेऱ्या पडतात, तो पेट्रोल सोडतो, फेऱ्या पुन्हा चढतात. अशा वेळी मालकाचा हात पहिल्यांदा जातो स्लोच्या स्क्रूवर. कळकळीने सांगतो, त्या स्क्रूला हात लावू नका. तो फिरवला की मूळ दोष झाकला जातो, आणि पुढे शोधणाऱ्यालाही सापडत नाही.

हवा आधी शोधा. 1991 नंतरच्या मॉडेलमध्ये कॉम्प्युटर इनटेक मॅनिफोल्डमधला दाब मोजतो. आत शिरलेली चोरटी हवा त्या दाबात दिसते, तिच्या हिशोबाने पेट्रोल मिळतं, म्हणून स्लो नुसता चढतो. त्याच्या आधीच्या मॉडेलमध्ये आत येणारी हवाच मोजणारा मीटर आहे. मीटरच्या पुढे शिरलेली हवा त्याला दिसत नाही, पेट्रोल कमी पडतं आणि इंजिन थरथरून बंद पडतं. फट एकच, आवाज दोन. टर्बोची हवा बाहेर सोडणारा ब्लो-ऑफ वॉल्व याच कारणाने जुन्या मॉडेलला त्रास देतो: मोजलेली हवा बाहेर निघून जाते आणि पाय उचलताच गाडी मरते.

मॅनिफोल्डखाली बारीक रबरी नळ्यांचं जाळं आहे. टर्बोच्या उष्णतेत तीस वर्षं भाजून त्या पापडासारख्या होतात. धूर सोडून तपासणी करा, फट धुरानेच दिसते. गरम टर्बोजवळ स्प्रे मारून फट शोधायची पद्धत आहे, ती टाळा, आग लागते. इंजेक्टरच्या बुडाची रबरी रिंग आणि प्रदूषणाचं सामान काढून बसवलेल्या पत्र्यांची पॅकिंगही बघा.

मग थ्रॉटलचा सेन्सर. इंजिन तापलेलं, चावी चालू, पाय सोडलेला, अशा स्थितीत नंतरच्या मॉडेलच्या एका वायरवर 0.75 ते 1.25 व्होल्ट आणि दुसरीवर 0.1 ते 0.7 व्होल्ट मिळायला हवेत. आणखी एक गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही. थंड इंजिनाचा स्लो वाढवणारी मेणाची डबी गरम पाण्याने फुगून स्लो खाली आणते. पाण्यात हवा अडकली असेल तर ती गरमच होत नाही आणि स्लो चढलेलाच राहतो. तेव्हा दोष स्लोचा नसतो, पाण्याचा असतो.

पेट्रोलचा विचार यानंतर. मोठे इंजेक्टर उघडायला किती वेळ घेतात, ते नव्या कॉम्प्युटरला नीट सांगितलेलं नसेल तर स्लोवर पहिला गोंधळ होतो, कारण तिथे पेट्रोलचा थेंब अगदी छोटा असतो. आणि सायलेन्सरमधला ऑक्सिजन मोजणारा मीटर 'मिश्रण सुकं' म्हणाला म्हणून पेट्रोल ओतत सुटू नका. ठिणगी चुकली तर न वापरलेला ऑक्सिजन सायलेन्सरमधून जातो आणि मीटर तोच मोजतो. पेट्रोल पुरेसं असूनही आकडा सुका येतो. तुम्ही वाढवता, प्लग ओले होतात, ठिणग्या आणखी चुकतात. मी स्वतः पहिल्या वर्षी या फेऱ्यात दोन दिवस घालवले. शेवटी एका प्लगची वायर खराब निघाली.

एका मुलाची गाडी अजून आठवते. सकाळी सुरू केली की मिनिटभर एकाच रोटरवर अडखळायची, पांढरा धूर यायचा, मग सुरळीत. त्याने स्लो 1,500 वर नेऊन ठेवला आणि तीन महिने तशीच चालवली. आतलं पाण्याचं सील फुटलं होतं; रात्रभर पाणी रोटरच्या घरात झिरपायचं. आला तेव्हा घराची भिंत खराब झालेली, पूर्ण इंजिन बदलावं लागलं. तीन महिने आधी आला असता तर भिंत वाचली असती.

अशी सकाळची अडखळ दिसली तर स्लोचं काम बाजूला ठेवा. कॉम्प्रेशन तपासून घ्या. स्टार्टर मारताना प्रत्येक रोटरकडून तीन फुसकारे सारखे यायला हवेत, लागोपाठ दोन मऊ पडले तर रोटरच्या टोकाचं ॲपेक्स सील गेलं. आणि इंजिन पूर्ण थंड असताना रेडिएटरच्या पाण्याचं झाकण काढा, गाडी सुरू करा, पाण्याकडे बघत राहा. एकसारखे बुडबुडे येत राहिले, थांबलेच नाहीत, तर चावी बंद करा आणि गाडी उचलूनच गराजात न्या.