शक्तिव्यायाम कोण टिकवतो?
वजने उचलून स्नायू बळकट करणाऱ्या व्यायामात, म्हणजेच शक्तिव्यायामात, नवशिका टिकेल की नाही हे त्याच्या पहिल्या उत्साहावरून ओळखता येत नाही. खाडा झाल्यावर तो पुढच्या ठरलेल्या दिवशी परततो का, हे पाहणे अधिक उद्बोधक ठरते. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील संशोधकांच्या २०१० च्या अभ्यासात नवी दैनंदिन सवय अंगवळणी पडण्यास साधारणतः ६६ दिवस लागल्याचे, आणि एखादा दिवस चुकल्याने त्यात फारशी बाधा न आल्याचे आढळले. आरंभीची ताकद मुख्यतः मज्जासंस्थेच्या जुळवणीतून, म्हणजे मेंदू अधिक स्नायुतंतूंना कामाला लावू लागल्याने वाढते, दंडाचा घेर मात्र काही आठवडे जवळपास तसाच राहतो. म्हणून आरशापेक्षा वजनांच्या नोंदवहीत रमणारा नवशिका खरोखर आश्वासक मानावा.