चेंडू हाती नसलेल्यांचा खेळ

कॉर्फबॉल कसा खेळतात हे सांगायचं तर त्यात काय चालत नाही, तिथूनच सुरुवात करावी लागते. चेंडू घेऊन धावायचं नाही. बास्केटबॉलसारखा टप्पे देत न्यायचा नाही. लाथ मारायची नाही, मुठीने ठोसायचा नाही. साथीदार अगदी शेजारी उभा असला तरी त्याच्या हातात नुसता ठेवता येत नाही, फेकावाच लागतो. समोरच्याला धक्का देणं, धरून ठेवणं, त्याच्या हातातला चेंडू फटका मारून पाडणं, सगळंच निषिद्ध. मग खेळायचं काय, असं कुणीही विचारील. माझं म्हणणं असं, की खेळायचं काय याचं उत्तर या मनाईतूनच मिळतं. चेंडू हातात आला की पाय बांधले जातात. त्यामुळे खेळ ज्यांच्या हाती चेंडू नाही त्यांच्या पायांत जातो.

हे आपोआप घडलेलं नाही. १९०२ साली ॲमस्टरडॅममधले शिक्षक निको ब्रुकहाउझेन स्वीडनमधल्या नेस इथे शिक्षकांच्या अभ्यासवर्गाला गेले होते. खांबावरच्या कड्यातून चेंडू टाकायचा एक खेळ त्यांनी तिथे पाहिला. मुलामुलींना एकत्र खेळता येईल असा खेळ त्यांना हवा होता. त्यांनी कड्याच्या जागी बिनबुडाची टोपली बसवली. टोपलीला डच भाषेत ‘कॉर्फ’ म्हणतात, आणि टोपलीतून पडणारा चेंडू लांबूनही दिसतो. आता गंमत पाहा. १८९१ मध्ये अमेरिकेत नेस्मिथनी बास्केटबॉलचे पहिले नियम लिहिले, त्यांतही चेंडू घेऊन धावायला बंदीच होती. खेळाडूंनी टप्प्यांची पळवाट काढली, ती मान्य झाली आणि पुढे तेच त्या खेळाचं वैभव ठरलं. कॉर्फबॉलने ती वाट बंदच ठेवली. एकट्याने मैदान पार करून गोल करणारा नायक इथे निपजूच शकत नाही.

मैदान साधारण ४० मीटर लांब, २० मीटर रुंद, मध्ये रेघ. प्रत्येक संघाचे आठ खेळाडू, चार स्त्रिया आणि चार पुरुष. प्रत्येक अर्ध्यात दोघी आणि दोघे. टोपली साडेतीन मीटरवर, म्हणजे बास्केटबॉलच्या कड्याहून जवळजवळ दीड फूट उंच. मागे फळी नाही, आणि खांब मैदानाच्या आत रोवलेला, त्यामुळे टोपलीच्या पाठीमागूनही खेळता येतं. एक चाल जवळून पाहू. एक आक्रमक खेळाडू खांबापासून पाच-सहा पावलांवर उभी आहे, तिला राखणारी तिच्या आणि टोपलीच्या मध्ये. ती चेंडू मागायला निघाल्यासारखी दोन पावलं बाहेर सरकते, राखणारी मागोमाग येते. तोच ती पाय रोवून वळते आणि खांबाकडे सुटते. खांबापाशी उभा असलेला साथीदार चेंडू अलगद तिच्या वाटेत सोडतो, ती धावतच झेलते आणि दोन्ही हातांनी खालून वर लोटते. चेंडू तिच्या हातात पळभरच होता. गोल झाला तो त्याआधीच, त्या दोन खोट्या पावलांत.

याला जोड देणारा, पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला नियम म्हणजे ‘राखलेला’ फटका. राखणारा हातभर अंतरावर, तुमच्याकडे तोंड करून, टोपलीच्या बाजूला उभा राहून हात उंचावत असेल, तर टोपलीकडे फेकायचंच नाही. म्हणजे त्याच्या डोक्यावरून उंचीच्या जोरावर फेकण्यात अर्थ उरत नाही, जागा बदलून सुटावंच लागतं. हे आपल्याला परकं वाटायला नको. खो-खोत पाठलाग करणाऱ्याला उलट फिरता येत नाही, म्हणून तर खो देण्याला धार येते.

आक्षेप असा, की पुरुषाने पुरुषालाच आणि स्त्रीने स्त्रीलाच राखायचं, म्हणजे एका मैदानात दोन वेगळे सामनेच की! आक्षेप अर्धा खरा आहे. अंगबळाचा फरक नियमाने मिटवलेला नाही, फक्त बाजूला ठेवलाय. पण राखणं वेगळं असलं तरी फेकणं वेगळं नाही. दोघा पुरुषांनी आपसातच चेंडू खेळवला, तर तो कुठे जाणार हे त्यांना राखणाऱ्यांना आधीच कळतं, आणि आपल्याच संघाची चाल मरते. शिवाय दर दोन गोलांनंतर आक्रमक बचावाला जातात आणि बचावातले आक्रमणाला. ‘मी फक्त गोल करतो’ म्हणणाऱ्याची इथे सोय नाही.

दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे. अंगबळ गौण असेल, तर १९७८ पासूनच्या जागतिक स्पर्धांत नेदरलँड्सच जवळपास दर वेळी का जिंकतं? डच माणसं उंच असतात, हे आहेच. उंच टोपलीखाली उसळलेला चेंडू पकडायला त्याचा फायदा होतो, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण दोन खोटी पावलं ओळखून चेंडू नेमका वाटेत सोडणारा साथीदार उंचीने मिळत नाही. त्यासाठी लहानपणापासून क्लबात एकत्र खेळलेली माणसं लागतात, आणि ती तिथे गावोगावी आहेत. १९९१ मध्ये अँटवर्पला डच संघाकडून विजेतेपद निसटलं, तेही शेजारच्या बेल्जियमकडे, जिथे याच टोपलीभोवती माणसं तशीच लहानाची मोठी होत आली होती.