कोलोरॅडोतलं कोमट पाणी कोणाचं?

अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात लीज फेरीच्या उतारावरून राफ्ट पाण्यात लोटली की ग्रँड कॅनियनच्या तळातून डायमंड क्रीकपर्यंत कोलोरॅडो नदीचा सुमारे 360 किलोमीटरचा प्रवास सुरू होतो. आठवडा-दोन आठवडे मुक्काम नदीकाठच्या वाळूवरच. बिगहॉर्न मेंढ्या पाण्यावर येतात, कड्यांवर कॉन्डॉर घिरट्या घालतात आणि साहजिकच सगळ्यांचं लक्ष त्यांच्याकडे जातं. मी आज बोलणार आहे एका माशाबद्दल, कारण या वाटेवर डुंबायला कुठे उतरायचं आणि कसं वागायचं, हे त्या माशाकडे पाहून ठरायला हवं असं माझं ठाम मत आहे.

हा मासा म्हणजे हम्पबॅक चब. डोळे बारीक, डोक्यामागे बैलाच्या वशिंडासारखा उंचवटा आणि शेपटीकडे अंग एकदम सडपातळ. उन्हाळ्यात कोमट होणाऱ्या, गाळाने लाल झालेल्या नदीत तो वाढला. 1963 साली वरच्या अंगाला ग्लेन कॅनियन धरणात पाणी अडवायला सुरुवात झाली. जलाशय भरलेला असला की खाली येणारं पाणी खोल थरातलं असतं, भर उन्हाळ्यातही जेमतेम आठ-दहा अंशांचं. त्यात माणसाचे हातपाय काही मिनिटांत बधिर होतात आणि चबची अंडी नीट वाढत नाहीत. त्यामुळे दोघेही वळतात ते उपनद्यांकडे. लीज फेरीपासून सुमारे शंभर किलोमीटरवर लिटल कोलोरॅडो येऊन मिळते. तिच्या झऱ्यांचं पाणी कोमट आणि चुनखडीमुळे निळसर, पूर येऊन ते गढूळ होईपर्यंत तसंच राहणारं. प्रवाशांना तिथे पोहायचं असतं आणि चबची सर्वांत मोठी वीणही तिथेच होते. पुढे हवासू क्रीक हा या प्रवासातला बहुतेकांचा लाडका डोह. 2011 पासून तिथेही चब आणून सोडले गेले.

यावर कोणी म्हणेल, नदीचं वाटोळं धरणाने केलं आणि तुम्ही चार आंघोळ करणाऱ्यांना धारेवर धरता. धरणाचा दोष मला पूर्ण मान्य आहे. पण मुख्य नदी बिघडली म्हणूनच उरलेल्या जागांची किंमत वाढते. शिवाय मुख्य प्रवाहात पडलेला साबण प्रचंड पाण्यात विरून जातो, ओढ्याच्या डोहात तसं होत नाही. ग्रँड कॅनियन राष्ट्रीय उद्यानाचा नियम याच हिशेबावर उभा आहे: साबण वापरायचा तो मुख्य नदीतच. उपनदीत आणि तिच्या संगमाच्या शंभर यार्डांत तो चालत नाही, अगदी निसर्गात विरघळणारा म्हणून विकला जाणारा साबणसुद्धा नाही. अंगाला चोपडलेल्या सनस्क्रीनबद्दलही तोच विचार करावा. डोहात उतरण्याआधी ते पुसून काढणं काही अवघड नाही.

मग माणसांना उपनद्यांत उतरूच देऊ नये का? हे मला पटत नाही. 1960च्या दशकात याच कॅनियनमध्ये आणखी दोन धरणं बांधायचा घाट घातला गेला होता. त्याविरुद्ध उभे राहिलेल्यांत मार्टिन लिटन यांच्यासारखे नदीवर होड्या चालवणारे लोक पुढे होते आणि 1968 च्या कायद्यातून ती धरणं वगळली गेली. नदीचं पाणी अंगावर घेतलेला माणूस तिच्यासाठी भांडतो, हे तिथे दिसलं. चबलाही पुढे कायद्याच्या संरक्षणाचा आणि जतनाच्या कामाचा आधार मिळाला. 2021 साली त्याची नोंद नष्टप्राय प्रजातींतून एक पायरी खाली आली; धोका मात्र टळलेला नाही.

कारण आता एक नवीच अडचण आली आहे. जलाशयाची पातळी घटली की धरणातून वरच्या थरातलं ऊबदार पाणी येतं. पोहणाऱ्याला ते बरं वाटेल, चबलाही एरवी मानवलं असतं. पण त्याच वाटेने स्मॉलमाउथ बास हा पिल्लं गिळणारा परका मासा खाली उतरला आणि 2022 साली धरणाखाली त्याची वीण आढळली. ती रोखण्यासाठी 2024 च्या उन्हाळ्यात वीजनिर्मितीची यंत्रं टाळून खोलातलं थंड पाणी मुद्दाम सोडण्यात आलं. राफ्टवरच्या प्रवाशांच्या वाट्याला त्यामुळे जास्त गार नदी आली, आणि माझ्या मते ती तक्रार न करता सोसण्याजोगी आहे.