कर्ज फिसकटले, गाडी परत आणा



अमेरिकेत मोटार ही श्रीमंतीची खूण, ही आपल्याकडील समजूत केव्हाच जुनी झाली. तेथील कित्येक शहरांत कारखाना एका टोकाला, वस्ती दुसऱ्या टोकाला आणि बसचा भरवसा नाही. गाडी नसेल तर नोकरी नाही, इतका हा साधा हिशेब आहे.

समजा, अशी एक कामगार स्त्री शनिवारी मोटार-विक्रेत्याकडे जाते. आपली जुनी गाडी बदल्यात देते, वर काही रोख भरते, हप्त्यांच्या करारावर सही करते आणि त्याच संध्याकाळी दुसरी गाडी घरी आणते. आठवड्याने दूरध्वनी येतो : 'तुमचे कर्ज मंजूर झाले नाही. जास्त व्याजाच्या नव्या करारावर सही करा, नाहीतर गाडी परत आणा.' ती आपली जुनी गाडी मागते, तेव्हा ती विकली गेल्याचे तिला सांगण्यात येते. कधी कधी चोरीची फिर्याद करण्याची धमकीही ऐकावी लागते. दोरीवर खालीवर होणाऱ्या खेळण्यावरून या प्रकाराला तेथे 'यो-यो' विक्री असे नाव पडले आहे. दोरी कोणाच्या बोटाला असते, हे सांगावयास नको.

या व्यवहाराची रचना समजून घेण्यासारखी आहे. हप्त्यांच्या करारात पहिला धनको सहसा विक्रेताच असतो. तो करार तो पुढे बँकेला वा वित्तसंस्थेला विकतो. बँक त्याला आपला दर कळविते. त्यावर तो स्वतःची भर घालून ग्राहकाला चढा दर सांगू शकतो. १५,००० डॉलरच्या पाच वर्षांच्या कर्जावर ८ ऐवजी १४ टक्के व्याज पडले, तर हप्ता महिन्याला सुमारे ४५ डॉलरने वाढतो आणि एकूण भुर्दंड सुमारे २,७०० डॉलरचा होतो. ठरलेल्या दराने करार कोणी विकत घेतला नाही, तर तो तोटा व्यापारातील जोखीम म्हणून विक्रेत्याने सोसावयास हवा. पण सह्यांच्या गठ्ठ्यात एका कागदावर 'कर्जमंजुरीच्या अधीन' असे शब्द असतात आणि जोखीम ग्राहकाच्या माथी येते. विक्रेत्याला माघारीची वाट मोकळी, ग्राहकाला नाही. तीन दिवसांत खरेदी रद्द करता येते असे पुष्कळ ग्राहक समजतात. परंतु तो संघीय नियम मुख्यतः दारोदार होणाऱ्या विक्रीसाठी आहे, विक्रेत्याच्या दुकानात घेतलेल्या मोटारीला तो लागू नाही.

शिवाय कर्ज खरोखर नाकारले गेले, की हवा तेवढा नफा सुटत नव्हता, हे ग्राहकाला कळावे कसे? १९७४ च्या समान पतसंधी कायद्याने कर्ज नाकारणाऱ्या धनकोवर सर्वसाधारणपणे लेखी सूचना देण्याचे बंधन घातले आहे. असा दूरध्वनी आला, तर सही करण्यापूर्वी तो कागद मागावा, हे उत्तम.

काही राज्यांचे कायदे अधिक स्पष्ट आहेत. इलिनॉयमध्ये विक्रेत्याने पतीच्या कारणास्तव अर्ज नाकारला, तर आगाऊ दिलेले सर्व काही, मग ते रोख असो की वस्तुरूप, त्याने परत करावयाचे असते.

मात्र दाद मागावयाची तर न्यायालयाचे दार उघडे हवे. अनेक छापील करारांत सक्तीच्या लवादाचे कलम असते. (भारतात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये असे कलम ग्राहक-तक्रारीच्या आड येत नाही, असा निर्वाळा दिला.) गंमत अशी, की मोटार-कारखानदार आपल्यावर लवाद लादतात, अशी विक्रेत्यांची तक्रार होती, आणि काँग्रेसने २००२ मध्ये कायदा करून त्यांची त्यातून सुटका केली. दुबळ्या पक्षावर लवाद लादू नये, हे तत्त्व विक्रेत्याला लागू झाले. त्याच्या गिऱ्हाइकाला झाले नाही!

२००८ च्या अरिष्टानंतर, २०१० मध्ये, ग्राहकांच्या आर्थिक संरक्षणासाठी नवे कार्यालय स्थापन झाले. बहुतेक मोटार-विक्रेते त्याच्या अधिकाराबाहेर ठेवण्यात आले. डिसेंबर २०२३ मध्ये संघीय व्यापार आयोगाने नवा नियम जाहीर केला. व्यवहार पक्का केव्हा होतो आणि तो फिसकटल्यास जुनी गाडी व रोख रक्कम यांचे काय होते, याविषयी दिशाभूल करण्यास त्यात मनाई होती. विक्रेत्यांच्या संघटना न्यायालयात गेल्या. आयोगाने आगाऊ सूचनेची पायरी गाळली, या कारणावरून जानेवारी २०२५ मध्ये तो नियम अमलात येण्यापूर्वीच रद्द झाला. त्यातील मजकूर योग्य की अयोग्य, या प्रश्नावर तो निकाल उभा नव्हता. तूर्त त्या कामगार स्त्रीच्या हाती उरले आहे ते मुख्यतः तिच्या राज्याचे कायदे, फसवणुकीविरुद्धच्या जुन्या सर्वसाधारण तरतुदी, आणि ते वापरू देईल असा करार तिच्या सहीखाली असेल तर वकिलाचा पत्ता.