किल्ला आणि नोंदवही
(विद्यार्थ्यांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



बेळगाव परिसरातील देवळे, मशिदी, जैन बस्त्या, मठ व चर्च यांची नोंद करण्याचे काम तुम्ही हाती घेतले, याचा आम्हांस मनापासून आनंद आहे. हार्वर्ड विद्यापीठाच्या प्राध्यापिका डायना एक यांनी १९९१ साली बोस्टन परिसरातील धर्मस्थळांचा शोध असाच विद्यार्थ्यांकरवी घेतला. तेथील वैविध्य बरेचसे नव्याने आलेले. आपले शतकानुशतके मुरलेले.

आपला किल्लाच घ्या. प्रवेशद्वाराशी गणपती आणि दुर्गा. आत कमलबस्ती, रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याचा मंत्री बीचिराज याने ती १२०४ साली बांधविली. गाभाऱ्यात नेमिनाथ, छताला दगडी कमळ. पुढे आदिलशाही सरदार असदखान याने सोळाव्या शतकात उभारलेली सफा मशीद. आणि १८९२ साली स्वामी विवेकानंद ज्या घरात राहिले, तेथे आज रामकृष्ण आश्रम.

सफा मशिदीच्या काही खांबांवर जुने कानडी शिलालेख आहेत. तेथे आमची लेखणी एकदा अडखळली, हे आज कबूल केलेच पाहिजे. तरुणपणी किल्ल्यावर लिहिताना आम्ही त्या शिलालेखांचा उल्लेख केला. भाषेचा मात्र शिताफीने गाळला! विरोधकांच्या हाती कोलीत कशाला द्या, हा आमचा हिशेब. तो भ्याडपणाचा होता. येथील मराठी माणसाचा हक्क आज येथे नांदणाऱ्या माणसांच्या भाषेवर व इच्छेवर उभा आहे. आठशे वर्षांपूर्वीच्या दगडाने तो ढळणार असेल, तर तो हक्कच कसला? येथील जिनालयाच्या दानाचे १२०४ चे दोन शिलालेख लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. तेही कानडीच. खुशाल लिहा.

आणखी एक अडचण येईल. खानेसुमारीत माणसामागे धर्म एकच. परंतु मोहरमात पंजांपुढे नवस फेडणारे हिंदू या भागात गावोगाव आढळतात. त्यांना कोणत्या रकान्यात बसविणार? तक्ता बिघडला तरी बिघडू द्या. माणसाचे म्हणणे त्याच्याच शब्दांत उतरवा. तो मराठी बोलला तर मराठीत, कानडी, उर्दू वा कोंकणी बोलला तर त्या भाषेत. पुजारी, मुजावर, पाद्री यांना विचारल्यावाचून छायाचित्र घेऊ नका.

पहिली नोंद सफा मशिदीची करा. ती आम्ही आमच्या पत्रात छापू, खांबांवरील भाषेच्या उल्लेखासह.